कूलरच्या जाळीत सापडलेलं पीस कुणाचं? पारव्याचं पीस घरच्या घरी ओळखण्याची रीत

हैदराबाद : मार्च लागला की हैदराबादेत वर्षभर धूळ खात पडलेले कूलर धुवायला निघतात. काचीगुड्यात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं यंदा खिडकीतला कूलर उघडला, तेव्हा मागच्या जाळीतल्या गवतात तिला चार-सहा काड्या आणि एक लहानसं राखाडी पीस मिळालं. एरवी ते केराच्या टोपलीत गेलं असतं. पण आठच दिवसांपूर्वी सासूबाईंचा जुना खोकला दाखवायला दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात किंवा घराजवळ कबुतरं आहेत का?" आणि घरच्यांनी छातीठोकपणे "नाहीत" असं सांगून टाकलं होतं.

तिनं पिसाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे कबुतराचं आहे का? गच्चीवर होले बसतात, खिडकीत कावळा येतो. मग कबुतराचंच कशावरून?"

प्रश्न बरोबर आहे. पंखाचं किंवा शेपटीचं लांब पीस असेल तर ओळखणं सोपं. अंगावरचं तीन-चार सेंटीमीटरचं मऊ पीस मात्र बहुतेकांना सारखंच दिसतं. तरी काही गोष्टी क्रमानं तपासल्या तर पारव्याचं पीस बऱ्यापैकी खात्रीनं ओळखता येतं. त्यासाठी लागतं काय? पांढरा कागद, पट्टी, दिवसाचा उजेड आणि जमल्यास एक भिंग.

पारवा की कबूतर?

आपल्याकडे मराठवाड्यात विहिरीत, वाड्याच्या कमानीत राहणाऱ्या निळसर राखाडी पक्ष्याला पारवा म्हणतात आणि पाळलेल्याला कबूतर. तेलुगूत पावुरम, कन्नडमध्ये पारिवाळ, दखनीत कबूतर. शास्त्राच्या हिशेबानं ही सगळी एकच जात, कोलंबा लिव्हिया. साडीच्या दुकानात आपण 'पारवा रंग' मागतो तो याच पक्ष्याच्या अंगाचा रंग. पीस ओळखताना तो शब्द पुढं कामाला येणार आहे.

हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. दगडी कपार आणि इमारतीचा छज्जा यात त्याला फरक वाटत नाही. म्हणून चारमिनार, मक्का मशीद, मोअज्जम जाही मार्केट, गोवळकोंडा इथं तो थव्यानं दिसतो आणि अपार्टमेंटच्या डक्टमध्ये, एसीच्या मागं, बंद पडलेल्या कूलरवर घरटं करतो. होला झाडावर आणि माणसाच्या घरातही घरटं करतो, पण दाट वस्तीतल्या उंच इमारतींवर पारव्याचंच राज्य.

पाळलेली कबुतरं शेकडो वर्षं सुटून या रानपारव्यांत मिसळत आली. त्यामुळं शहरातल्या एकाच थव्यात राखाडी, काळे ठिपकेदार, विटकरी, पांढरे, बांडे असे सगळे रंग दिसतात. म्हणजे नुसत्या रंगावर विसंबलं तर फसायला होतं. म्हणून रंग आपण सगळ्यात आधी नाही, थोडा मागून बघणार आहोत.

पहिली पायरी : हे पीस अंगावरचंच आहे का?

पीस कागदावर ठेवा. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंची पाती सारख्या रुंदीची असतील, पीस किंचित आत वळलेलं असेल आणि खालचा भाग कापसासारखा असेल तर ते अंगावरचं पीस. छाती, पाठ, पोट, मान यातलं काहीतरी.

एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद, दांडी ताठ, खाली लव नाहीच किंवा अगदी थोडी असेल तर ते पंखाचं पीस. पारव्याच्या प्रत्येक पंखाला टोकाची दहा मोठी पिसं असतात, शेपटीला बारा. शेपटीचं पीस असेल तर काम लगेच होतं, कारण साध्या पारव्याच्या शेपटीच्या टोकाशी गडद काळपट पट्टा असतो. बंद पंखावर दिसणारे दोन काळे पट्टेही तसेच. पंखाच्या वरच्या आवरणाचं पीस मिळालं आणि राखाडीवर काळा डाग असेल तर तो त्या पट्ट्याचा तुकडा असू शकतो.

दुसरी पायरी : टोक सोडा, मूळ बघा

बहुतेक लोक पिसाचं टोक बघतात. खरी माहिती मुळाशी असते. तीन गोष्टी बघा.

एक, लव. पारव्याच्या अंगावरच्या पिसाचा जवळपास अर्धा भाग, कधी त्याहून जास्त, दाट मऊ लवेचा असतो. तिचा रंग फिकट राखाडी किंवा पांढरट असतो. कावळ्याच्या पिसाची लव बहुधा गडद, मळकट असते.

दोन, दांडी. पारवा आणि होला यांच्या कुळात अंगावरच्या पिसाची दांडी मुळाशी चांगली जाड, थोडी चपटी असते आणि टोकाकडे भरकन बारीक होत जाते. एवढ्याशा पिसाला एवढी जाड दांडी कशी, असं वाटलं तर तुम्ही बरोबर दिशेनं चालला आहात. कावळा, साळुंकी, सातभाई यांच्या पिसाची दांडी सुरुवातीपासूनच बारीक असते.

तीन, जोडपीस. ही सगळ्यात उपयोगी खूण आहे आणि फार थोड्यांना माहीत असते. कोंबडीचं अंगावरचं पीस उलटं करून बघा. जिथं लव सुरू होते तिथून मागच्या बाजूला आणखी एक छोटं लवदार पीस फुटलेलं दिसतं. एका देठावर दोन पिसं. कोंबडी आणि तित्तर यांच्यात हे जोडपीस मोठं असतं, शिक्र्यातही ते चांगलं दिसतं. कावळा, साळुंकी यांच्यात लहान असतं. पारव्यात ते नसतंच म्हटलं तरी चालेल. मटणाच्या दुकानाशेजारी मिळालेलं पांढरं पीस ब्रॉयलरचं की पांढऱ्या कबुतराचं, हा वाद इथंच मिटतो.

तिसरी पायरी : मोजा

पीस दाबून सरळ न करता, आहे तसं ठेवून देठापासून टोकापर्यंत मोजा. पारव्याच्या डोक्यावरची पिसं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची, मानेवरची साधारण दोन-तीन, छातीची आणि पाठीची तीन ते पाच, कमरेवरची त्याहून थोडी लांब असतात. हे ढोबळ माप आहे, एखादं पीस इकडंतिकडं निघणारच.

मापाचा उपयोग मुख्यतः होल्याला वेगळं काढायला होतो. होलाही पारव्याच्याच कुळातला, म्हणून त्याची लव आणि दांडी तशीच दिसते. पण पारवा चोचीपासून शेपटीपर्यंत ३३ सेंटीमीटरच्या आसपास आणि अंगानं भरलेला, तर आपल्या अंगणात येणारा लहान तपकिरी होला २७ सेंटीमीटरच्या आसपास आणि सडपातळ. त्याची पिसंही त्या मानानं आखूड आणि नाजूक.

पक्षी मापायला पक्षीच वापरायची पद्धत जुनीच आहे. सलीम अलींनी आपल्या भारतीय पक्ष्यांच्या पुस्तकात चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांचं माप धरून बाकीचे पक्षी सांगितले. कबूतर हे त्यातलं एक माप, कारण ते माहीत नसलेला माणूस सापडत नाही.

चौथी पायरी : आता रंग

पीस कोरडं करून पांढऱ्या कागदावर, उन्हाच्या थेट तिरिपेत नाही तर सावलीतल्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली राखाडी आणि तपकिरी यात गल्लत होते.

साध्या पारव्याचं अंगावरचं पीस एकरंगी असतं. पाटीसारखा निळसर राखाडी, म्हणजेच पारवा रंग. त्यावर आडवे पट्टे, ठिपके, कडा असं काही नसतं. बारीक आडव्या रेघा असतील तर तित्तर किंवा शिक्र्याच्या छातीचा विचार करा. तपकिरीवर पांढरे ठिपके असतील तर कोकिळेची मादी असू शकते.

युरोपातल्या पुस्तकात पारव्याची कंबर पांढरी असते असं लिहिलेलं असतं. ती खूण इकडं जशीच्या तशी लावू नका. भारतातल्या रानपारव्याची कंबर सहसा राखाडीच असते. उलट बांड्या कबुतराच्या अंगावर कुठंही पांढरं पीस असू शकतं.

पाचवी पायरी : मानेची चमक

पीस मानेवरचं असेल तर नशीब चांगलं. बोटात धरून हळूहळू फिरवा. एका कोनातून हिरवं दिसणारं टोक दुसऱ्या कोनातून जांभळं दिसतं. हा रंग शाईसारखा पिसात भरलेला नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंवर पातळ पापुद्रा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून हा रंग तयार होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर इंद्रधनुष्य दिसतं, तसाच प्रकार. कोन बदलला की रंग बदलतो.

चमक फक्त टोकाच्या भागात असते, खालचा भाग साधा राखाडी. कावळ्याच्या काळ्या पिसालाही निळी-जांभळी झाक असते, पण मूळ रंग काळा असतो. राखाडी पिसाच्या टोकाला हिरवी-जांभळी चमक दिसली, लव आणि दांडीही जुळली, तर ते पारव्याचंच समजा. होल्यांची मान वेगळी. ठिपकेवाल्या होल्याच्या मानेवर काळ्या पट्टीत पांढरे ठिपके, लहान तपकिरी होल्याच्या गळ्यावर काळी-तांबूस नक्षी, कंठीवाल्या होल्याच्या मानेमागं काळी रेघ.

सहावी पायरी : भुकटी

पीस काळ्या कापडावर किंवा मोबाइलच्या काळ्या काचेवर हलकेच झटका. पांढरट पिठूळ भुकटी पडली तर ती पारव्याच्या बाजूनं आणखी एक खूण. पारव्याच्या अंगावर ही भुकटी भरपूर असते, पिसांना पाण्यापासून जपायला ती उपयोगी पडते. खिडकीच्या काचेवर कबूतर आपटून गेल्यावर पंख पसरलेल्या पक्ष्याची पांढरी छाप उमटलेली पुष्कळांनी पाहिली असेल. ती हीच भुकटी. धुतलेल्या किंवा पावसात भिजलेल्या पिसात ती मिळणार नाही, तेव्हा भुकटी नाही म्हणून पारवा बाद करू नका.

भुकटी झटकताना तोंडाला मास्क असू द्या. का, ते पुढं येतंच आहे.

गल्लत कुणाकुणाशी होते?

*कावळा :* गावकावळ्याच्या मानेची आणि छातीची पिसं राखाडी असतात, सगळ्यात जास्त फसगत इथंच. रंग धुळकट राखाडी, निळसर झाक नाही, दांडी बारीक.

*होला :* बांधणी पारव्याची, माप लहान, रंग बहुधा गुलाबीसर तपकिरी किंवा वाळूसारखा. मात्र लहान तपकिरी होल्याच्या पंखावर निळसर राखाडी भाग असतो. तेवढं एकच पीस मिळालं तर खात्री देता येत नाही.

*सातभाई :* मातकट राखाडी, विस्कटलेलं, सैल पीस.

*शिक्रा :* नराची पाठ राखाडी असते. जोडपीस बघा, ते असेल तर पारवा नाही.

*हरियाल :* पारव्याचाच भाऊबंद, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिसावर पिवळा-हिरवा रंग दिसला की प्रश्नच मिटला.

*कोंबडी :* मोठं जोडपीस.

आजूबाजूला बघायला विसरू नका

पीस एकटं येत नाही. जवळ वाळक्या काड्यांचा विरळ, अव्यवस्थित ढीग, त्यावर साचलेली विष्ठा आणि तशीच आणखी पिसं असतील तर पारव्याचं घरटं जवळच आहे.

एकाच जागी मूठभर पिसं पडलेली दिसली तर दोन शक्यता. शिक्र्यासारखा पक्षी भक्ष्य सोलतो तेव्हा पिसं उपटलेली, बहुधा अख्खी मिळतात. मांजर चावून तोडतं, तेव्हा दांड्या मोडलेल्या आणि पिसं ओलसर चिकटलेली असतात. मात्र मूठभर पिसं म्हणजे पक्षी मेलाच असं नाही. पारव्याची अंगावरची पिसं सैल असतात. शिकाऱ्यानं झडप घातली की पिसं त्याच्या पंजात राहतात आणि पारवा निसटतो. आणि एखाददुसरं पीस तर काहीच न घडताही गळतं, कारण पक्षी दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी घेतो.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र पिसं गोळा करत बसू नका. हात न लावता पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्याला कळवा.

कितपत खात्री धरायची?

आमच्या मते तीनच उत्तरं ठेवावीत. लव, दांडी, माप, पारवा रंग सगळं जुळलं आणि मानेची चमक किंवा घरट्याच्या खुणाही मिळाल्या, तर 'पारवा'. बांधणी आणि रंग जुळला पण बाकी काही नाही, तर 'बहुधा पारवा'. नुसतं पांढरं किंवा नुसतं तपकिरी, तुटकं, भिजलेलं पीस असेल तर 'सांगता येत नाही'. हे तिसरं उत्तर द्यायला लाजायचं कारण नाही.

यापुढं जायचं तर सूक्ष्मदर्शक लागतो. मुळाच्या लवेचा एक धागा काचपट्टीवर ठेवून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून ४०० पट मोठा करून पाहिला तर त्यावर ठरावीक अंतरानं गाठी दिसतात. पारवा-होला कुळात या गाठी उमलत्या फुलासारख्या पसरट असतात, कावळा-साळुंकीच्या कुळात तशा नसतात. पण यानं कूळ कळतं, पारवा की होला हे कळत नाही.

ही विद्या उभी राहिली ती एका विमान अपघातातून. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बोस्टनहून उडालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान काही सेकंदांत कोसळलं. ७२ पैकी ६२ माणसं गेली. इंजिनात अडकलेले पिसांचे तुकडे स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रॉक्सी लेबोर्न यांच्याकडे गेले. ती पिसं आपल्या भोरडीच्या जातभाई असलेल्या युरोपीय स्टार्लिंगची असल्याचं त्यांनी ओळखलं. तिथून पुढं पिसाच्या तुकड्यावरून पक्षी ओळखणं हे न्यायवैद्यक शास्त्राचं अंग झालं.

हैदराबादेत याचा पुढचा टप्पा आहे. सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी म्हणजे सीसीएमबीची अत्तापूरला लॅकोन्स ही प्रयोगशाळा आहे. वन्यप्राण्यांच्या गुन्ह्यांत जप्त झालेल्या मालावरून, मग ते मांस असो, कातडं असो की पीस, डीएनए काढून जात ठरवण्याचं काम तिथं चालतं. ते वनखातं, पोलीस, न्यायालय यांच्यासाठी. कूलरमधलं पीस घेऊन तिथं जायची गरज नाही.

आणि जुळवून बघायला नमुने लागतातच. १९३१-३२ साली सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. त्याचा वृत्तांत १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. आपला मराठवाडा, तेलंगण आणि बिदर-गुलबर्गा तेव्हा त्या एकाच संस्थानात होते. १९५६ साली आपण तीन राज्यांत वाटले गेलो, पक्ष्यांची यादी मात्र एकच राहिली. अलीकडे २०२१ मध्ये अहमदाबादेत ईशा मुन्शी आणि शेर्विन एव्हरेट यांनी भारतीय पक्ष्यांच्या पिसांचं ग्रंथालय सुरू केलं. त्यातले पिसांचे फोटो आणि मापं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. शंका असेल तर आपलं पीस त्यांच्याशी जुळवून बघा.

पीस घरी ठेवलं तर चालतं का?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीससुद्धा प्राण्याच्या अवशेषांत मोडतं. कायद्याच्या मूळ चौथ्या परिशिष्टात पारव्याच्या कुळातले पक्षी होते, मात्र निळा पारवा नाव घेऊन वगळलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टं नव्यानं मांडली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोराच्या गळून पडलेल्या शेपटीच्या पिसाला कायद्यात वेगळी सूट आहे, बाकीच्यांना ती लागू होत नाही. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पालपिट्टा, म्हणजे आपला नीलपंख, तेलंगण आणि कर्नाटक दोन्हींचा राज्यपक्षी. त्याचं निळं पीस सापडलं आणि हौसेनं पाकिटात ठेवलं तर ते अंगाशी येऊ शकतं.

सोपा नियम : पट्टी शेजारी ठेवून पिसाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मुळाचा एक फोटो जवळून घ्या, जागा आणि तारीख लिहा आणि पीस जिथलं तिथं सोडा. फोटो चांगला असेल तर ओळखणाऱ्याला तेवढा पुरतो.

खोकला आणि पीस

आता मूळ मुद्दा. पारव्याच्या पिसांवरची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जीसारखी सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नाही, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण कारण दूर झालं नाही तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडू शकतात. म्हणून डॉक्टर कबुतरांबद्दल विचारतात.

पण इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांच्या नोंदवहीत फुप्फुसाच्या अशा आजारांचे १,०८४ रुग्ण होते. त्यात ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी कूलरचा संबंध होता. ओलसर जाळीत वाढणारी बुरशी हे त्याचं संशयित कारण. म्हणजे पीस ज्या कूलरमध्ये सापडलं तो कूलरही संशयितच.

मावसबहिणीच्या पिसाची लव फिकट आणि दाट होती, दांडी मुळाशी जाड, जोडपीस नाही, लांबी चार सेंटीमीटर, रंग पारवा, पट्टा-ठिपका काही नाही. शिवाय जाळीत काड्या आणि खिडकीच्या छज्ज्यावर विष्ठेचा थर. उत्तर 'पारवा'. हिवाळाभर कूलर बंद होता, तेव्हा मागच्या बाजूला घरटं झालेलं असणार. घरातून ती बाजू दिसतच नाही, म्हणून "कबुतरं नाहीत" हे उत्तर त्यांनी खोटं दिलं नव्हतं.

पण त्या पिसानं पारवा येऊन गेला एवढंच कळलं. सासूबाईंचा खोकला त्यामुळंच आहे हे पीस सांगू शकत नाही. ते छातीचा स्कॅन आणि डॉक्टर सांगतील. म्हणून तिला एवढंच सांगितलं : डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांग. खिडकीत पारव्याचं घरटं होतं, आणि त्याच खिडकीतून कूलरची हवा सासूबाईंच्या पलंगावर येते. फोटो दाखव. स्वतःहून औषध सुरू करू नको, बंदही करू नको.

घर साफ करताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसवा. घरट्यात अंडी-पिल्लं नाहीत हे आधी बघा. वाळलेली विष्ठा झाडूनं कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून ओली खरवडून काढा, पिशवीत बांधून टाका. कूलरचं जुनं गवत फेकून नवं घाला, टाकी घासून कोरडी करा आणि उन्हाळा संपला की मागच्या बाजूला जाळी मारा.

मावसबहिणीनं ते सगळं केलं. पुढच्या तपासणीला जाताना तिनं मोबाइलमध्ये पिसाचा, छज्ज्याचा आणि कूलरच्या जाळीचा असे तीन फोटो नेले. डॉक्टरांनी या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा घरच्यांचं उत्तर "हो" होतं.